जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं एटीएफ घरच्या घरी: मापून काढायचं, मापून भरायचं

आमची गाडी २००८ ची होंडा सिविक, १.८ लिटर, पाच गिअरची ऑटोमॅटिक. सेकंडहँड घेतली ती ह्यांच्या डाव्या गुडघ्यापायी. विक्रोळीहून जेव्हीएलआरने अंधेरीला रोज क्लच दाबत जाणं त्यांना झेपेना. पंधरा वर्षं भरल्यावर वडाळ्याच्या आरटीओत फेरनोंदणी करून पाच वर्षं वाढवून घेतली, म्हणजे आता तिला सांभाळणं आलं. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं, म्हणजे एटीएफचं, नाव काढलं की मात्र गॅरेजवाला म्हणतो, "उसको हाथ मत लगाओ, मॅडम." का, ते कधी सांगत नाही.

मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होते. मोजपात्रं धुण्यात आणि पोरांना वाकून नीट रीडिंग घ्या असं ओरडण्यात नोकरी गेली. हे काम मला जमलं ते त्याच सवयीमुळे. यात पाना चालवायला फार नाही. किती निघालं, किती घातलं, तेल किती गरम होतं आणि पातळी पाहायची पट्टी केव्हा पाहिली, एवढं काटेकोर ठेवलं की झालं.

आधी आपली गाडी नेमकी कोणती ते पाहा. क्लचचं पेडल नाही म्हणजे सगळ्या गाड्यांचा गिअरबॉक्स एकच, असं नसतं. मी सांगतेय ते टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, असलेल्या जुन्या ऑटोमॅटिकबद्दल. होंडाच्या जुन्या सिटी झेडएक्समध्ये सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स, येत असे; त्याचं तेल निराळं, त्यात साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरून गिअरबॉक्स जायचा. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे आल्या त्या एएमटी, म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच दाबायला यंत्र. त्यांना यातलं काहीच लागू नाही. गाडीचं मॅन्युअल हरवलं असेल तर एटीएफच्या पट्टीवर किंवा भरायच्या बोल्टवर बहुधा काहीतरी कोरलेलं असतं, ते वाचा.

एटीएफ एकाच वेळी तीन कामं करतं: गिअरना वंगण देतं, पंपाच्या दाबाने आतले क्लच दाबून धरतं आणि टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे नेतं. सिग्नलला गाडी डीमध्ये उभी असते तेव्हा कन्व्हर्टरच्या एका बाजूला इंजिन फिरत असतं आणि दुसरी बाजू थांबलेली असते. ती सगळी घुसळण तेलात उष्णता होऊन जाते. पवईच्या चढावर अर्धा-अर्धा तास मुंगीच्या पावलाने सरकणारी गाडी आणि पुण्याच्या एक्स्प्रेस वेवर सुसाट जाणारी गाडी, दोघींचं किलोमीटरचं मीटर सारखं असलं तरी तेल सारखं राहत नाही. म्हणून मी ४०,००० किलोमीटरची वाट पाहत नाही, त्याआधीच थोडं थोडं बदलते.

आधी तब्येत पाहा

बॉनेट उघडल्यावर होंडामध्ये दोन पट्ट्या दिसतात. इंजिन ऑइलची केशरी कडीची, एटीएफची पिवळ्या कडीची. पिवळी ओढून तेलाचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. नवं तेल लाल. विटकरी झालं असेल तर वय झालंय, बदलून टाका. काळं पडलंय आणि जळका वास येतोय, शिवाय डीमध्ये टाकल्यावर गाडी जराशी थांबून मग धक्क्याने निघते किंवा इंजिनाचे आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, असं असेल तर आतल्या क्लच प्लेटा झिजल्यात. तिथे नवं तेल काही करणार नाही. "तेल बदललं आणि गिअरबॉक्स बसला" असं लोक सांगतात ना, त्यातल्या बऱ्याच गाड्या आधीच आजारी असतात. तेल बदलायचं सुचतं तेच मुळी त्या घसरायला लागल्यावर.

तेल दुधट गुलाबी दिसलं तर थांबा. आत पाणी गेलंय. काही गाड्यांत एटीएफ रेडिएटरमधूनच थंड होऊन येतं आणि जुना रेडिएटर आतून फुटला की कूलंट त्यात मिसळतं. मुंबईत दुसरं कारण पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा बुडालेल्या गाड्या आठवा. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी एक बारीक तोंड असतं. गरम गिअरबॉक्स पाण्यात थंड झाला की आतली हवा आकसते आणि तिथून पाणी ओढलं जातं. पाण्याने क्लच प्लेटांवरचा कागदी थर सुटतो. गाडी मिलन सबवेत किंवा हिंदमाताला चाकं बुडेपर्यंत अडकली असेल तर इंजिन सुरू न करता टो करून न्या. हा घरचा कार्यक्रम नव्हे.

पट्टीवर पातळी किती आहे तीही तेल काढण्याआधी लिहून ठेवा. हे फार कोणी करत नाही. गळतीमुळे आधीच अर्धा लिटर कमी असेल, तर निघालं तेवढंच घातल्यावर ते कमीच राहणार. कशी पाहायची ते पुढे सांगते.

सामान

तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेलंच. होंडाचं जुनं झेड-१ होतं, त्याच्या जागी आता डीडब्ल्यू-१ चालतं. ह्युंदाईच्या जुन्या सँट्रो आणि आय१० ऑटोमॅटिकला एसपी-३ लागतं. "सब गाड़ी में चलता है" असं लिहिलेले डबे मिळतात, स्वस्तही असतात. मी घेत नाही. क्लच पकडताना किती घर्षण हवं ते या तेलातल्या रसायनांवर ठरतं आणि प्रत्येक कंपनीचं गणित निराळं. कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरून सीलबंद डबे घ्या, पावती घ्या. एका वेळेला माझ्या गाडीत साधारण २.४ लिटर जातं, म्हणून एक लिटरचे तीन डबे.

ड्रेन बोल्टचं वायसर नवंच घ्या. होंडाचं ॲल्युमिनियमचं, १८ मिमीचं. एकदा दाबलं की चपटं होतं, तेच परत लावलं तर थेंब थेंब गळत राहतं. किंमत किरकोळ आहे, दोन घेऊन ठेवा.

आता हत्यारं. होंडाच्या एटीएफच्या ड्रेन बोल्टला षटकोनी डोकंच नसतं, ३/८ इंचाचा चौकोनी खड्डा असतो. रॅचेटचं, म्हणजे गोटी पान्याच्या दांड्याचं, चौकोनी टोक, गोटी न लावता, थेट त्यात बसतं. आपल्याकडच्या गोटी पान्यांच्या पेट्या बहुधा १/२ इंचाच्या असतात, त्यांचं टोक यात शिरत नाही. मी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवरून ३/८ चं लांब दांड्याचं रॅचेट आणलं. तिथेच पारदर्शक पीव्हीसी पाइप मीटरवर कापून मिळाला, तो नरसाळ्याच्या नळीला बसवला. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने आवळायचा पाना, असेल तर उत्तम. बाकी सगळं घरचं: सिमेंटवाल्याचं जुनं घमेलं, नायट्राइल हातमोजे, टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा, सुताराकडून मूठभर भुसा, आणि मापासाठी दोन लिटरच्या तीन-चार एकसारख्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या.

गाडी उभी करताना

कन्नमवार नगरात आमच्या इमारतीपुढे मोकळी जागा आहे, हे आमचं नशीब. तुमची गाडी स्टिल्टमध्ये उभी राहत असेल तर सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा आणि रविवारी सकाळी लवकर सुरू करा, म्हणजे शेजाऱ्यांच्या गाड्या अडत नाहीत. पेव्हर ब्लॉकवर थेट जॅक लावू नका; एखादा ब्लॉक खचला की जॅक तिरका होतो. खाली जाड प्लायचा तुकडा ठेवा. उलट्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून विटा, हँडब्रेक, लिव्हर पीवर. गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेका, मगच खाली हात घाला. पंक्चरवाला नुसत्या जॅकवर काम करतो म्हणून आपण करायचं नाही. यात माझ्याशी कोणी वाद घालू नये.

गाडी आधी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा, तेल पातळ होतं आणि गाळ तरंगता राहतो. पण आल्या आल्या बोल्ट खोलू नका. तेव्हा तेल सहज ८० अंशांच्या वर असतं आणि ते थेट कोपरापर्यंत ओघळतं. अर्धा तास थांबा, चहा घ्या.

सगळ्यात आधी उघडायचा तो भरायचा बोल्ट. माझ्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या वर आहे, १७ मिमी डोक्याचा, आणि वर्षानुवर्षं कोणी हात न लावल्याने घट्ट बसलेला असतो. खालचं तेल काढून बसलात आणि वरचा बोल्ट निघालाच नाही, तर गाडी जागची हलणार नाही. पट्टीच्या भोकातूनही तेल भरता येतं, पण ते भोक बारीक, वेळ जातो. बोल्ट सैल झाला की त्याच्याभोवतीची धूळ पुसून घ्या. ती आत पडली तर तिथेच राहते.

काढणं आणि मोजणं

गिअरबॉक्स डाव्या बाजूला आहे. खालचं प्लास्टिकचं कव्हर सोडवल्यावर दोन बोल्ट दिसतील, इंजिनाचा षटकोनी डोक्याचा आणि एटीएफचा चौकोनी खड्ड्याचा. शेजारचा बारावीतला मुलगा मला मदतीला येतो. पहिल्यांदा त्याने विचारलं होतं, "काकू, हा खड्डा कशाला केलाय?" म्हटलं, चुकून इंजिनाचं तेल काढू नये म्हणूनच समज. खरं कारण काही का असेना, उपयोग तोच होतो. रॅचेटचं टोक पूर्ण आत बसलंय ना ते बोटाने चाचपा. अर्धवट बसलं तर खड्ड्याचे कोपरे मारले जातात आणि मग वेल्डिंगवाल्याची पायरी चढावी लागते.

बोल्ट हाताने सोडवताना वर दाबून धरा आणि शेवटच्या आट्याला झटकन बाजूला घ्या. पहिली धार बरीच लांब जाते, घमेलं त्या हिशेबाने ठेवा. धार थांबून थेंब पडू लागले तरी वीस मिनिटं तसंच राहू द्या.

तोवर बोल्ट पाहा. त्याच्या टोकाला लोहचुंबक आहे. त्यावर करडी, बोटाला मऊ लागणारी पेस्ट असणारच. गिअर झिजतात तो हा बारीक चुरा. पुसून टाका. मात्र चकचकीत तुकडे, सळ्या किंवा दाताचा कण दिसला तर फोटो काढून ठेवा आणि चांगल्या ऑटोमॅटिकवाल्या मेकॅनिकला दाखवा.

आता माप. निघालेलं तेल बाटल्यांत भरा. बरेच जण इथे लगेच रेघ मारून तेवढंच नवं तेल घालतात. पण तेल तापलं की फुगतं, अंशामागे साधारण ०.०७ ते ०.०८ टक्के. २.४ लिटर तेल ५० अंशांनी गार झालं की ९० मिलीच्या आसपास कमी दिसतं. म्हणजे गरम तेलाची रेघ धरून गार तेल ओतलं, तर तेवढं जास्त गेलं. एकदा चालून जाईल, पण तीनदा असंच केलं तर पाव लिटरच्या वर. म्हणून बाटल्या नव्या डब्यांच्या शेजारी सावलीत ठेवा, दोन्ही सारखी गार होऊ द्या, मग बाटली सपाट जागी ठेवून डोळा पातळीच्या रेषेत आणून रेघ मारा. घमेल्याला चिकटलेलं आणि पुठ्ठ्यावर सांडलेलं असं चमचा-दोन चमचे धरा. वहीत लिहा: तारीख, किलोमीटर, किती निघालं.

बोल्टचा आटा आणि बसायची जागा पुसा, नवं वायसर घाला आणि बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवा. बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं आहे, वाकडा आटा चढला तर बोल्टचं काही बिघडत नाही, कवचाचं बिघडतं. शेवटी ४९ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर हिशेब असा: २५ सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण वीस किलोचा जोर. वजनकाट्यावर हात दाबून वीस किलो म्हणजे किती ते आधी अजमावून पाहा. दांड्याला पाइप लावून आणि पाय देऊन आवळणाऱ्यांनीच या बोल्टांचे आटे खाल्लेत.

भरणं आणि पट्टी

स्टँड काढून गाडी खाली उतरवा. नरसाळ्याचा पाइप भोकात खोल घाला आणि रेघेपेक्षा १०० मिली कमी असं तेल सावकाश ओता. कमी असेल तर नंतर घालता येतं; जास्त झालेलं काढायला पुन्हा सगळा खटाटोप. तेल जास्त झालं की फिरणारे गिअर त्यात हवा घुसळतात, फेस होतो आणि फेसाने दाब धरला जात नाही. कमी पडलं तर पंपच हवा ओढतो. दोन्हीकडे क्लच घसरतात.

भरायचा बोल्ट लावा. गाडी सुरू करून ब्रेकवर पाय घट्ट ठेवा आणि लिव्हर पीपासून शेवटपर्यंत एकेक जागी तीन-चार सेकंद थांबवत न्या, तशीच परत आणा. खाली वाकून गळतंय का बघा. मग जवळच एक चक्कर मारून या. रेडिएटरचा पंखा एकदा-दोनदा लागून गेला म्हणजे तेल पुरेसं तापलं.

आता गाडी खरोखर सपाट जागी लावा. सोसायटीतली फरशी बहुतेक गटाराकडे उतरती असते, डोळ्याला कळत नाही; मी स्पिरिट लेव्हल ठेवून एक जागा हेरून ठेवलीय. इंजिन बंद करा आणि मोबाइलवर वेळ लावा. होंडाची पट्टी इंजिन बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत पाहायची. आधी पाहिली तर तेल अजून वरून उतरत असतं, फार उशीर केला तर कन्व्हर्टरमधलंही खाली येतं आणि पातळी खोटी वाढते. पट्टी काढून धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, काढा. दोन्ही बाजू वेगळं दाखवत असतील तर खालची खरी. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे हवी. उरलेलं ५०-५० मिलीने घाला आणि दर वेळी पुन्हा पाहा.

ह्युंदाई आणि इतर बऱ्याच गाड्यांत याच्या उलट आहे. तिथे तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागी फिरवून पी किंवा एनवर आणून 'हॉट'च्या खुणेला पाहतात. होंडाची रीत तिकडे आणि तिकडची इकडे लावली की आकडा साफ चुकतो, आणि इंटरनेटवरचे निम्मे गोंधळ यातूनच होतात. काही गाड्यांना पट्टीच नसते, बाजूचा बोल्ट खोलून ठरावीक तापमानाला तेल ओघळतं का ते पाहावं लागतं. असल्या गाड्या घरी करू नयेत असं माझं मत आहे.

एकदा करून भागतं का

नाही. गिअरबॉक्समध्ये तेल असतं सहा लिटरच्या आसपास, बोल्टातून निघतं २.४. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकतं. म्हणजे पहिल्यांदा ४० टक्के नवं झालं. दुसऱ्यांदा काढाल त्यात नवं-जुनं मिसळलेलं असणार, म्हणून एकूण नवं ६४ टक्के. तिसऱ्यांदा ७८. चौथ्यांदा केलं तर ८७, पण तोवर बरंचसं चांगलंच तेल घमेल्यात जाऊ लागतं. मी तीनवर थांबते. लागोपाठ एका दिवसात करायची गरज नाही. दोन खेपांमध्ये तीन-चारशे किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे तेल नीट मिसळतं. जुन्या, कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सला असं टप्प्याटप्प्याने देणं मला जास्त बरं वाटतं. मशीन लावून दाबाने सगळं तेल एकदम पालटून देतात, त्या वाटेला मी जात नाही. बसलेला गाळ उठून बारीक झडपांत अडकण्याची भीती असते.

तीन खेपांचं मिळून सात लिटरच्या वर जुनं तेल साठतं. ते गटारात ओतू नका. आमच्या मागेच खाडी आहे, तिवरं आहेत, हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. गटारात गेलेलं तेल तिथेच पोचतं. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, कचऱ्याच्या गाडीतही देता येत नाही. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून, त्यावर 'जुनं एटीएफ' लिहून, जुनं तेल गोळा करून अधिकृतपणे विकणाऱ्या गॅरेजच्या पिंपात नेऊन द्या. कूलंट किंवा रॉकेल त्यात मिसळू नका, मग ते घेत नाहीत. सांडलेल्यावर भुसा टाकून झाडून घ्या, पेव्हर ब्लॉकवर डाग राहिला तर सेक्रेटरी पुढच्या खेपेला जागा देत नाहीत.

पुढचे आठ दिवस सकाळी गाडी काढायच्या आधी खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा. लाल थेंब दिसला तर बोल्ट जास्त आवळायला जाऊ नका, दुसरं नवं वायसर लावा. दोन घ्यायला सांगितलं ते याचसाठी.